नाममुद्रा



अभंग शिकवताना दर वर्षी वर्गात एक प्रश्न हमखास यायचा. "बाई, संतांना अहंकार नव्हता ना? मग शेवटी स्वतःचं नाव कशाला घालतात?" मुलं अगदी भाबडेपणाने विचारायची, पण प्रश्न फार चांगला. मी सांगायचे, अरे, तेव्हा छापखाना नव्हता. मुखपृष्ठ नाही, प्रस्तावना नाही. अभंग एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जायचा. नाव बाहेर ठेवलं असतं तर वाटेत कुठेतरी गळून पडलं असतं. म्हणून ते चालीत, यमकात गुंफून आत ठेवलं. "तुका म्हणे" काढायला गेलात तर चरणच मोडतो. याला नाममुद्रा म्हणतात.

हे सगळं आज आठवायचं कारण ऐकलंत तर हसाल. गेले दोन महिने मी व्हिडिओ गेमच्या इतिहासात डोकं घालून बसले आहे. (हो हो, मुलुंडच्या वन्सं, तुम्ही बरोबर वाचलंत. डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालंय.) नातवाने टीव्हीला जोडलेला तो डबा रोज समोर दिसतो. हे आलं कुठून, एवढंच बघायला गेले आणि अडकले. खेळता मला अजूनही येत नाही. पण त्या डब्यांच्या पोटात माणसांनी काय काय लपवून ठेवलंय ते वाचताना मला सारखी नाममुद्राच आठवत राहिली.

पहिल्यापासून सांगते.

घरच्या टीव्हीवर खेळायचा पहिला डबा अमेरिकेत १९७२ साली विकायला आला. मॅग्नाव्हॉक्स ओडिसी त्याचं नाव. त्याची कल्पना राल्फ बेअर यांची. जर्मनीत जन्मलेला हा मुलगा. ज्यू म्हणून शाळेतून काढलेला. १९३८ साली कुटुंब कसंबसं निसटून अमेरिकेला पोचलं. पुढे रेडिओ-टीव्हीचं शिक्षण घेऊन ते लष्करी उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाले. १ सप्टेंबर १९६६ रोजी त्यांनी चार पानी टिपण लिहिलं. घराघरात टीव्ही आहेत, त्यावर नुसतं बघत बसण्यापेक्षा काही खेळता आलं तर? त्या टिपणावर त्यांनी तारीख घातली. हा माणूस प्रत्येक कागद जपून ठेवणारा होता. पुढे पेटंटवरून कोर्टकज्जे झाले तेव्हा ही कागदपत्रं कामाला आली. आज त्यांचा पहिला नमुना, लाकडासारख्या दिसणाऱ्या कागदाने मढवलेला तो 'ब्राऊन बॉक्स', वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे.

आणि ओडिसी तरी कसला? आवाज नाही, रंग नाही, गुणही मोजायचा नाही. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. बाकीचं चित्र छापलेली पारदर्शक प्लास्टिकची शीट टीव्हीच्या काचेवर चिकटवायची. खोक्यात फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही असत. गुण वहीत लिहायचे. म्हणजे अर्धा खेळ टीव्हीवर आणि अर्धा आपल्या सारीपाटासारखा जमिनीवर!

दुसरे गृहस्थ जेरी लॉसन. यांचं नाव मी तरी आधी ऐकलं नव्हतं. सुरुवातीच्या डब्यात खेळ बसवूनच दिलेले असत. ते खेळून कंटाळलात की डबा अडगळीत. 'कॅसेट' बदलून नवा खेळ लावायची सोय (आपल्याकडे मुलं तिला कॅसेटच म्हणत, खरा शब्द कार्ट्रिज) घरात वापरता येईल इतकी दणकट करून दाखवली ती लॉसन यांच्या हाताखालच्या तुकडीने. १९७६ साली, फेअरचाइल्ड चॅनल एफ या यंत्रात. मूळ कल्पना दुसऱ्या दोघा इंजिनिअरांची होती. पण पोरांनी हजारदा घातली-काढली तरी बिघडणार नाही असं काही बनवणं हे निराळं काम असतं, हे ज्याच्या घरात पोरं आहेत त्याला सांगायला नको. खेळ मध्येच थांबवून ठेवायची कळही त्याच यंत्रात होती. जेवायला हाका मारून थकलेल्या आयांनी लॉसनसाहेबांचे आभार मानायला हवेत.

लॉसन कृष्णवर्णीय होते. त्या काळी त्या धंद्यात असे इंजिनिअर अगदी मोजके. त्यांनी एका मुलाखतीत सांगितलंय की पहिलीत असताना त्यांच्या बाकाशेजारी भिंतीवर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं चित्र होतं, आणि तूही असा होऊ शकशील असं त्यांच्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्याकडे किती घरांत आहे! मी स्वतः किती मुलांना बक्षीस म्हणून ते दिलंय. हे वाचलं आणि जरा वेळ पुढे वाचलंच नाही. त्यांच्या धंद्यातल्या लोकांनी त्यांचा जाहीर सन्मान केला तो मार्च २०११ मध्ये. एप्रिलमध्ये ते गेले.

आता मुख्य गोष्ट.

१९७७ साली अटारी कंपनीचा डबा आला. पुढे तो अटारी २६०० नावाने ओळखला गेला. त्याची स्मरणशक्ती म्हणजे तात्पुरतं लक्षात ठेवायची जागा फक्त १२८ बाइट. एक बाइट म्हणजे साधारण एक इंग्रजी अक्षर धरा. पोस्टकार्डावरचा अर्धा मजकूर मावेल एवढीच. एवढ्या जागेत पूर्ण खेळ उभा करायचा. आणि त्या वेळी एक खेळ सहसा एकच माणूस बनवायचा. कल्पना त्याची, चित्रं त्याची, आवाज त्याचे, प्रोग्रॅमही त्याचाच. पण खोक्यावर नाव कंपनीचं. बनवणाऱ्याचं नाव कुठेही छापायचं नाही, असा नियमच होता. नाव कळलं तर दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतील आणि माणसं जास्त पैसे मागतील, ही भीती.

तिथे वॉरन रॉबिनेट नावाचा एक तरुण होता. त्याने 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ बनवला. किल्ले, ड्रॅगन, किल्ल्या, चक्रव्यूह. त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याचा वर्षाचा पगार २२ हजार डॉलरच्या आसपास. खेळ खपला दहा लाखांच्या घरात, एकेक २५ डॉलरला. त्याला त्यातला वाटा नाही आणि नावही नाही. मग त्याने काय करावं? काळ्या किल्ल्यातल्या एका बंद खोलीत त्याने एक ठिपका ठेवला. ठिपका एवढासा, आणि रंग मागच्या भिंतीचाच. दिसणारच नाही. तो चाचपडत शोधायचा, उचलून एका ठरावीक जागी न्यायचा. मग भिंत ओलांडता येते आणि आतल्या गुप्त खोलीत रंग बदलत अक्षरं उभी असतात. हा खेळ वॉरन रॉबिनेटने केला.

त्याने हे कोणालाही सांगितलं नाही. मित्रांनाही नाही. १९७९ मध्ये नोकरी सोडली आणि निघून गेला. खेळ बाजारात गेला. मग सॉल्ट लेक सिटीतल्या एका शाळकरी मुलाला ती खोली सापडली आणि त्याने कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीत धावपळ! ते नाव काढायचं तर नव्याने साचा करायला दहा हजार डॉलरच्या आसपास खर्च. तेव्हा तिथल्या स्टीव्ह राइट नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलं, असू दे की. ईस्टरच्या सणाला घरात, बागेत रंगवलेली अंडी लपवतात आणि मुलं ती शोधतात, तसं समजा. उलट पुढच्या खेळांतही अशी गंमत ठेवूया. तेव्हापासून अशा लपवलेल्या गोष्टींना 'ईस्टर एग' हे नाव पडलं. चोरून केलेली गोष्ट अशी रीत होऊन बसली.

रॉबिनेट हा पहिला नव्हे, हेही पुढे कळलं. १९७७ सालच्या 'स्टारशिप १' या नाणं टाकून खेळायच्या यंत्रात रॉन मिलनर या इंजिनिअरने ठरावीक कळा दाबल्यावर स्वतःलाच 'हाय रॉन' असा नमस्कार घालणारी अक्षरं लपवली होती. ती उघड झाली २०१७ मध्ये. चाळीस वर्षं! तोवर ती यंत्रं गल्लीबोळांतून धूळ खात असतील, कोणी नाणी टाकत असेल, आणि आत ते नाव निमूट बसून.

सगळ्यांनी असं लपून केलं नाही. अटारीतल्याच डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी उघड विचारलं. कोणते खेळ किती खपले याचा एक कागद कंपनीने वाटला होता. त्यावरून हिशेब केला तर विक्रीतला निम्म्याहून जास्त पैसा या चौघांच्या खेळांचा होता. ते वरिष्ठांकडे गेले. क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितलंय की उत्तर असं मिळालं : कारखान्यात खोकी जोडणाऱ्या कामगारापेक्षा तुमचं महत्त्व जास्त नाही. चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली. यंत्र दुसऱ्याचं, खेळ आमचे, असा धंदा करणारी ही पहिली कंपनी. त्यांच्या खेळासोबतच्या पुस्तिकेत बनवणाऱ्याचं नाव, त्याचा फोटो आणि खेळाडूंना दोन शब्द छापलेले असत. क्रेन यांचा 'पिटफॉल' १९८२ चा.

माझ्या मनात मात्र त्या उत्तरातला दुसरा अर्धा भाग अडकून राहिला. खोकी जोडणाऱ्या कामगाराचं काय? त्याचं नाव कमी महत्त्वाचं, हे दोन्ही बाजूंनी धरूनच चाललेलं. असो.

जपानमध्ये निन्टेंडो ही कंपनी. १८८९ साली क्योटोत पत्ते बनवण्यापासून सुरू झालेली. तिचा फॅमिकॉम हा डबा १५ जुलै १९८३ ला आला. पुढे जगभर मिळून सहा कोटींच्या वर खपला. यात एक गंमत होती. दोन रिमोट, पण दुसऱ्या रिमोटमध्ये चक्क माइक. 'लेजेंड ऑफ झेल्डा'मध्ये (१९८६) मोठ्या कानांचा एक राक्षस आहे, तो माइकमध्ये ओरडलं की मरायचा. 'किड इकॅरस'मध्ये दुकानदाराशी माइकवर बोलून भाव पाडून घेता येत असे. आमच्या मंडईत हा खेळ बायका माइकशिवायच खेळतात! पण हाच डबा अमेरिकेत गेला तेव्हा माइक काढून टाकला. खेळाच्या पुस्तिकेत मात्र तसंच राहिलं की या राक्षसाला मोठा आवाज सहन होत नाही. खेळात एक बासरीही मिळते. ती वाजवावी तर राक्षस ढिम्म हलत नाही. तो आता बाणाने मरत होता. भाषांतर करताना मूळ संदर्भ सुटला की काय होतं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला वर्गात कधी मिळालं नव्हतं.

नावांची गोष्ट तिथेही तीच. माणसं पळवली जाऊ नयेत म्हणून कित्येक जपानी कंपन्यांनी खेळाच्या शेवटी खऱ्या नावांऐवजी टोपणनावं टाकायला लावली. त्या काळातल्या मोठमोठ्या खेळांच्या शेवटी बंड्या, पिंट्या छापाची नावं आहेत म्हणा ना.

एक लपलेली गोष्ट मात्र नाव न सांगताही बनवणाऱ्याला अमर करून गेली. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामी कंपनीत 'ग्रॅडियस' हा खेळ फॅमिकॉमवर आणत होते (१९८६). खेळ इतका अवघड की तपासायला त्यांना स्वतःलाच पार करता येईना. म्हणून त्यांनी एक गुपित ठेवलं. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए. एवढं दाबलं की सगळी शस्त्रं हजर. खेळ विकायला गेला तेव्हा हे आतच राहिलं. पुढे 'कॉन्ट्रा'मध्ये त्याच कळांनी तीसऐवजी तीन नव्हे, तीनऐवजी तीस जीव मिळायचे. हाशिमोतो २०२० साली फेब्रुवारीत गेले तेव्हा जगभरच्या लोकांनी त्यांना श्रद्धांजली म्हणून तेवढ्या कळाच लिहिल्या.

आपल्याकडच्या नव्वदीतल्या मुलांना हा कॉन्ट्रा चांगला ठाऊक आहे. आमच्याकडेही सुट्टीत भाचे कंपनी जमली की टीव्हीपुढे वायरी पसरायच्या. ते डबे बहुतेक फॅमिकॉमच्या नकला असत आणि कॅसेटवर '९९९९ इन १' असे आकडे. आत खरे खेळ मोजकेच, तेच पुन्हा वेगळ्या पायरीपासून सुरू होणारे. आता कळलं की अशा कित्येक नकली कॅसेटींवर खेळाच्या पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि साल पुसून टाकलेलं असे. म्हणजे आधी कंपनीने माणसाचं नाव खोडलं आणि मग नकलाकाराने कंपनीचं! पोरांना मात्र काही फरक पडला नाही. कुठल्याशा जपानी माणसाने रचलेलं वर वर, खाली खाली त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. हे कोणी केलं, हे विचारायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

आणि एक शेवटची. सतोरू इवाता हे मूळचे प्रोग्रॅमर. फॅमिकॉमचा 'गोल्फ' (१९८४) त्यांनी लिहिला. २००२ साली ते निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. ते लोकांशी थेट बोलत तेव्हा दोन्ही हात छातीपासून पुढे नेण्याची त्यांची एक लकब होती. ११ जुलै २०१५ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, ते गेले. मार्च २०१७ मध्ये कंपनीचा स्विच हा नवा डबा आला. काही महिन्यांनी हौशी लोकांना त्यात लपवलेला तो जुना गोल्फ सापडला. यंत्राच्या आतल्या घड्याळात तारीख ११ जुलै असेल आणि दोन्ही हातांत रिमोट धरून तुम्ही ती इवातांची लकब केलीत, तरच तो उघडायचा. एरवी नाही. जपानमधल्या लोकांनी त्याला देवळातून आणून जवळ बाळगतात त्या ताईताची उपमा दिली. पुढे त्याच वर्षी यंत्राची सुधारणा झाली तेव्हा तो काढलाही गेला. मला काढल्याचं वाईट वाटलं नाही. वर्षश्राद्धाचं पान कावळ्याने शिवलं की उचलायचंच असतं.

हे सगळं मी आमच्या नातीला फोनवर सांगत होते. ती पुण्यात चित्रकार आहे, परदेशी खेळांसाठी लागणारी चित्रं करून देणाऱ्या एका कंपनीत दोन-अडीच वर्षं होती. ती म्हणाली, "आजी, तुला रॉबिनेट माहीत झाला, आणि माझं नाव आलं नाही ते माहीत नाही तुला." मला खरंच माहीत नव्हतं. तिने ज्यावर काम केलं तो खेळ आला तेव्हा ती नोकरी सोडून चार महिने झाले होते. शेवटच्या यादीत शेकडो नावं सरकत गेली. पुण्याच्या कंपनीचं नुसतं नाव होतं, माणसांची नव्हती. खेळ पुरा व्हायच्या आत सोडून गेलेल्यांचं नाव गाळायचं, ही त्या धंद्यात जुनी रीत आहे म्हणे. २०११ साली 'एल. ए. न्वार' नावाच्या खेळाच्या वेळी शंभराहून अधिक लोकांची नावं गळली होती आणि त्यांनी स्वतःच ती यादी जाहीर केली होती.

मी विचारलं, "अगं, मग तू त्यात काही लपवलंस का?" ती हसत सुटली. "आजी, आता चार माणसं तपासतात. एक रेघ जास्तीची चालत नाही. मी पिंपं केली, दारं केली, विटांच्या भिंती केल्या. एकोणीस दारं."

पगार मिळाला होता, तिची तक्रार नव्हती. तक्रार माझीच होती. मी नातवाला तो खेळ लावायला सांगितला. कुठलंसं जुनं बंदराचं गाव. तो पळत, उड्या मारत निघाला. मी म्हटलं, थांब, दारापाशी थांब. "आजी, दारात काही नाही, ती उघडत पण नाहीत." मी म्हटलं, असू दे. मग आम्ही दोघांनी अर्धा तास त्या गावात फिरून नुसती दारं पाहिली. एकाची खालची फळी पाण्याने कुजलेली. एकाच्या कडीपाशी हात लागून लागून रंग उडालेला. एकाला मधोमध खिळा ठोकलेला आणि खिळ्याखाली गंजाचा ओघळ. हे सगळं कोणीतरी बसून, पाहून, हाताने केलेलं आहे. एकोणीसमधली कोणती तिची, ते सांगता येत नव्हतं. नातू म्हणाला, "बाकीची पण कोणीतरी केलीच असतील ना." मुलं कधी कधी बरोबर बोलतात.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या माळ्यावर जुना डबा किंवा कॅसेट पडली असेल तर भंगारात द्यायच्या आधी मला कळवा. आणि खेळ संपल्यावर नावं सरकायला लागली की लगेच टीव्ही बंद करू नका, एवढंच सांगणं. एखाद्याची आजी तिकडे चष्मा लावून बसलेली असते.